एका बेकार क्रियापदाचा संताप

इंग्रजीत रागावण्यासाठी क्रियापदांना तोटा नाही, आणि त्यांतली बरीचशी मुळात रागाची नाहीतच. ‘फ्यूम’ म्हणजे लॅटिनमधला धूर. ‘रेज’चं मूळ शोधत गेलं की आपण पिसाळलेल्या कुत्र्यापाशी पोचतो, कारण रेबीज आणि रेज एकाच घरचे. ‘फ्रेट’चा जुना अर्थ जनावरासारखं बकाबका खाणं, आणि ‘इन्सेन्स’ हे क्रियापद उदबत्तीला लागणाऱ्या त्याच नावाचं भावंड. एक पेटवल्यावर घर प्रसन्न होतं, दुसरं पेटवल्यावर घरातली माणसं बाहेर जातात. या सगळ्या भाडोत्री मंडळींत ‘सीद’ नावाचं एक क्रियापद आहे. कोश त्याचा अर्थ आतल्या आत कमालीचं संतापणं असा देतात. ‘आतल्या आत’ हे शब्द महत्त्वाचे. जो ताटं फेकतो, टेबल बडवतो, शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो तो रागावलेला असेल, पण तो ‘सीद’ करत नसतो. ‘सीद’ करणारा माणूस समोरच्याला मीठ हवं का विचारतो, नको म्हटल्यावर आभार मानतो आणि बशीतला वाटाणा काट्याने असा टोचतो की वाटाण्याची दया यावी. असा हा विशिष्ट, सुसंस्कृत आणि निरुपद्रवी संताप या शब्दाच्याच वाट्याला का आला? माझं म्हणणं असं की हा शब्द स्वतः स्वयंपाकघरातून हाकलला गेलेला आचारी आहे. त्याची नोकरी गेली, पुढे त्याचं कर्मही गेलं, आणि ज्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नाही अशा माणसाचा राग त्याला नेमका जमू लागला.

नोकरी होती तेव्हाचा त्याचा थाट बघण्यासारखा होता. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘सेओथन’ आणि अर्थ सरळ: पाण्यात उकळणं, उकडून शिजवणं. त्यात रागाचा लवलेश नव्हता. इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू इथे 1939 साली सातव्या शतकातलं, मृताबरोबर पुरलेलं एक जहाज जमिनीखाली सापडलं. त्यात सोन्याचांदीच्या ऐवजाबरोबर काशाच्या कढया होत्या, आणि कढई छताला टांगायची लोखंडी साखळीही होती, चांगली दोन पुरुष लांबीची. म्हणजे परलोकात जाताना तलवार जितकी हवी तितकंच आधण ठेवायचं भांडंही हवं, असा त्या सरदारांचा हिशेब होता. त्या कढईत जे काही शिजे ते याच क्रियापदाने शिजे. जर्मन भाषेतलं ‘झीडन’ हे त्याचं चुलत भावंड अजून शाबूत आहे. पाण्याचा उत्कलनबिंदू सांगायला आजही त्याचाच उपयोग होतो. इंग्रजी ‘सीद’ला भूतकाळही जुन्या खानदानी पद्धतीचा होता. शेवटी ‘एड’ चिकटवून मोकळं होणाऱ्यांतला तो नव्हता. ‘सिंग’चं ‘सँग’ आणि ‘संग’ व्हावं तसं ‘सीद’चं ‘सॉड’ आणि ‘सॉडन’ होई.

मग 1066 उजाडलं. नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला, आणि त्याच्यामागून फ्रेंच शब्दांची फौज उतरली ती दरबारात, कचेरीत आणि चुलीपाशी. गोठ्यात असेपर्यंत जनावर इंग्रज आणि ताटात आलं की फ्रेंच, हे वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’तल्या विदूषकाचं निरीक्षण पुढे इतक्यांनी वापरलं की ते मांस आता पार चिवट झालंय, ते इथे पुन्हा शिजवत नाही. पण मांसाच्या नावांइतकीच शिजवण्याच्या क्रियांचीही अदलाबदल झाली, त्याकडे लक्ष कमी जातं. ‘फ्राय’, ‘रोस्ट’, ‘स्ट्यू’ आणि ‘बॉइल’ हे सगळे फ्रेंच दारातून आले. ‘बॉइल’च्या मुळाशी लॅटिनमधला बुडबुडा आहे. ‘बेक’ तेवढा जुना इंग्रज टिकला, कारण पाव भाजायच्या कामात साहेबाला रस नसावा. (हा माझा तर्क, इतिहासकारांनी अंगावर घेऊ नये.) ‘सीद’ची जागा मात्र ‘बॉइल’ने घेतली, एका दिवसात नव्हे तर काही शतकं लावून. जुन्या नोकराला एकदम काढत नाहीत, हळूहळू कामं काढून घेतात, तशातला हा प्रकार.

ही कामं काढून घेणं चालू असतानाचा एक पंचनामा शेक्सपिअरच्या नाटकांत सापडतो. ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणी कढईभोवती नाचतात तेव्हा सापाचे तुकडे ‘बॉइल’ करतात. म्हणजे चेटकिणींपर्यंत फ्रेंच शब्द पोचला होता. पण ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’त पँडॅरस घाईघाईने येऊन सांगतो की आपलं काम फार तातडीचं आहे, आणि त्यासाठी ते काम ‘सीद’ होतंय असं म्हणतो. त्यावर तिथला नोकर लगेच त्या कामाला ‘सॉडन’ ठरवून त्या वाक्प्रचाराचीच उकडून भाजी करतो. या कोटीवर प्रेक्षक हसायचे याचा अर्थ ‘सीद’ आणि ‘सॉडन’ हे मायलेकरू आहेत हे पिटातल्या माणसालाही ठाऊक होतं. ‘हेन्‍री द फिफ्थ’मध्ये फ्रेंच सेनापतीला प्रश्न पडतो की त्या धुकट, थंड देशातल्या इंग्रजांना एवढी रग येते कुठून, ते पितात त्या उकळलेल्या पाण्यातून की काय! रोख बिअरवर आहे, आणि ‘उकळलेलं’ यासाठी शब्द आहे ‘सॉडन’. सॅक्सन क्रियापदाला हाकलणाऱ्यांच्या वंशजाच्या तोंडी तेच सॅक्सन क्रियापद घालून इंग्रजांची टर उडवायची, हा खट्याळपणा कवीने जाणूनबुजून केला की सहज झाला हे सांगता येत नाही, पण झालाय झकास. आणि याच कवीच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये ड्यूक थिसियस प्रेमिकांच्या आणि वेड्यांच्या मेंदूला उकळता म्हणतो, तेव्हा विशेषण ‘सीद’चंच आहे. शिजणारी वस्तू कढईतून डोक्यात चढू लागली होती.

नोकरी पूर्ण जायच्या आधी या शब्दाला एक शेवटची सरकारी जागा मिळाली, आणि सरकारी जागा असल्यामुळे ती फार काळ टिकली. 1611 साली राजा जेम्सच्या आश्रयाने बायबलचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. त्यात करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तीन ठिकाणी येते आणि तिन्ही ठिकाणी शिजवण्याला ‘सीद’ हाच शब्द आहे. जगभरच्या धर्मनिष्ठ ज्यू घरांत दूधदुभत्याची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी असतात ती याच आज्ञेच्या अर्थावरून. त्याच ग्रंथात याकोब मसुरीचं कालवण शिजवतो, तेही याच क्रियापदाच्या भूतकाळात, म्हणजे ‘सॉड’ या रूपात. आजच्या इंग्रजाला ‘सॉड’ म्हणजे हिरवळीचा उपटलेला तुकडा किंवा एक बऱ्यापैकी अर्वाच्य शिवी, दोन्हींचा या क्रियापदाशी काही संबंध नाही. त्यामुळे याकोबाने कालवणाचं नक्की काय केलं याचा त्याला क्षणभर पत्ता लागत नाही. रानातून दमून आलेला थोरला भाऊ एसाव त्या मसुरीच्या वाटीसाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकून बसतो, पुढे धाकट्याने बापाचा आशीर्वादही लाटला हे कळल्यावर त्याला मारून टाकायचं मनात योजतो, आणि बाप जिवंत आहे तोवर थांबायचं ठरवतो. या क्रियापदाची सगळी कारकीर्द त्या एका घरात घडली आहे: धाकट्याच्या भांड्यात जुना अर्थ, थोरल्याच्या पोटात नवा. फक्त एसावच्या बाबतीत भाषांतरकारांनी तो शब्द वापरला नाही. तेव्हा तो अजून चुलीवर होता. 1952 मध्ये पूर्ण झालेल्या सुधारित अमेरिकन आवृत्तीने करडालाही ‘बॉइल’ केलं, आणि ती जागाही गेली.

आता व्याकरणाकडे बघा, कारण माझा खरा पुरावा तिथे आहे. बायबलमधलं ‘सीद’ सकर्मक आहे. कोणीतरी काहीतरी शिजवतो; कर्ता आहे, कर्म आहे, शिवाय खाली पातेलं आणि शेवटी जेवण आहे. आजच्या इंग्रजीत तुम्ही बटाटे ‘सीद’ करू शकत नाही, मग दुसऱ्या माणसाचं तर नावच नको. क्रियापद अकर्मक झालं. करणारा तोच, होणाराही तोच. शिजवायला काही उरलं नाही म्हणून आचारी स्वतःच कढईत बसला. इतर रागीट क्रियापदं अशी नाहीत. ‘इन्सेन्स’ला कर्म लागतंच, आपण दुसऱ्याला भडकावतो. ‘रेज’ला ‘अगेन्स्ट’ जोडून सरकारविरुद्ध, वादळाविरुद्ध, अगदी मृत्यूविरुद्धही थयथयाट करता येतो. ‘सीद’ला फार तर ‘अ‍ॅट’ लावता येतं, म्हणजे अमुककडे बघून उकळता येतं. बघण्यापलीकडे अधिकार नाही. बढती नाकारलेला कारकून, पाहुण्यांसमोर नवऱ्याची तीच गोष्ट सातव्यांदा ऐकणारी बायको, रांगेत आपल्यापुढे घुसलेल्या माणसाकडे बघत उभा असलेला सभ्य गृहस्थ, हे या क्रियापदाचे कायमचे कर्ते. बॉस सहसा ‘सीद’ करत नाही. त्याला गरज नसते, तो ओरडतो. या घटस्फोटात ‘सॉडन’ हे लेकरू आईपासून इतकं तुटलं की आधी त्याचा अर्थ उकडून गचका झालेलं असा झाला, पुढे नुसतं चिंब भिजलेलं, आणि दारूत भिजलेलंही. एकाच क्रियापदाचं वर्तमान आज धगधगतंय आणि त्याचं धातुसाधित थंडगार ओलं पडलंय, पण ही नातलग मंडळी एकमेकांना रस्त्यात ओळखही देत नाहीत.

यावर भाषाशास्त्राचा अभ्यासक लगेच हात वर करील. राग म्हणजे उष्णता हे रूपक माणसाच्या शरीरातूनच येतं, चेहरा तापतो, रक्तदाब वाढतो, त्याला हेस्टिंग्जची लढाई कशाला हवी? जॉर्ज लेकॉफ यांनी 1987 च्या आपल्या पुस्तकात इंग्रजी रागाचं मोठं प्रकरणच लिहिलं, आणि त्यात झोल्टान कोव्हेचेश यांच्याबरोबर मांडलं की इंग्रजीत राग हा बंद भांड्यातला तापलेला द्रव असतो. आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही. पण उष्णतेपर्यंतचा रस्ता शरीराने दाखवला तरी पुढे कोणत्या भांड्यात बसायचं ते ज्या त्या भाषेचं स्वयंपाकघर ठरवतं. मराठी राग बहुतेक कोरडा आहे. तो पेटतो, भडकतो, धुमसतो. तळपायाची आग मस्तकात जाते. माणसाचा तिळपापड होतो, जळफळाट होतो. द्रव लागलाच तर तेल लागतं: तळतळाट. रक्त उकळतं खरं, पण ते बहुधा भाषणांत. उलट जे पदार्थ आपल्याकडे उकळतात त्यांतून भलत्याच भावना बाहेर पडतात. कढ येतात ते दुःखाचे. उतू जाते ती माया, नाहीतर श्रीमंती. श्रावणातल्या कहाण्यांत वसा देताना न उतण्यामातण्याची ताकीद असते तीही गर्वाबद्दल, रागाबद्दल नव्हे. इंग्रज उतू गेला की भांडण होतं, मराठी माणूस उतू गेला की लग्नात हत्ती आणतो. तेव्हा उकळी म्हणजे राग हे काही निसर्गाने शिक्का मारून दिलेलं नाही. जर्मनकडे बघितलं तर मुद्दा आणखी पक्का होतो. जर्मन माणूस संतापाने उकळतो तेव्हा ‘कोखन’ हे रोजच्या स्वयंपाकाचं क्रियापद वापरतो आणि त्याला ‘रागाने’ हा शब्द जोडून देतो. ‘झीडन’ची नोकरी शाबूत आहे, त्यामुळे त्याला रागाचा जोडधंदा फारसा करावा लागला नाही.

पण मग ‘बॉइल’ आणि ‘सिमर’ही नोकरीत असून रागाला राबतात त्याचं काय? राबतात, पण शिपाई बरोबर घेऊन. ‘ही वॉज बॉइलिंग’ एवढंच म्हटलं तर ऐकणारा उठून खिडकी उघडेल. ‘विथ रेज’ जोडावं लागतं. ‘ही वॉज सीदिंग’ म्हटलं की पुढे काही लागत नाही, कारण त्या शब्दाला दुसरं कामच उरलेलं नाही. गर्दीने खदखदणाऱ्या चौकाला इंग्रजी बातमीदार अजून ‘सीदिंग’ म्हणतात, तेवढा एक किरकोळ धंदा आहे. शिवाय शांत संतापाचं आणि उकळत्या पाण्याचं नातं नुसतं शाब्दिक नाही. आधण ठेवल्यावर कान देऊन ऐका. पाणी सगळ्यात जास्त कुरकुरतं ते उकळायच्या आधी. तळाशी तयार झालेले बुडबुडे वरच्या गार पाण्यात पोचताच फुटतात, त्याचा तो आवाज. सगळं पाणी सारखं तापून खरी उकळी फुटली की ती कुरकुर मवाळ होते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकात दाखवून दिलं की उकळत्या पाण्याला कितीही जाळ दिला तरी तापमापकाचा पारा वर सरकत नाही. उष्णता आत जाते आणि दिसत नाही. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. कचेरीत जो दिवसभर पुटपुटतो त्याला घाबरू नये. ज्याचा पारा बघून काहीच कळत नाही त्याच्याशी बेताने बोलावं.

शेवटचा आक्षेप हितचिंतकांचा असतो. आतल्या आत उकळणं वाईट, वाफ बाहेर काढावी, म्हणजे मन हलकं होतं, असं ते सांगतात. हा सल्ला मुळात वाफेच्या यंत्राचा आहे, माणसाचा नाही. डेनिस पापँ या फ्रेंच गृहस्थाने 1679 मध्ये आजच्या प्रेशर कुकरचा पूर्वज बनवला आणि तो फुटू नये म्हणून त्याला झडप बसवली. हाडं त्यात लोण्यासारखी मऊ होत. पुढे आगगाडीचं इंजिन आलं आणि वाफ सोडणं हा इंग्रजी वाक्प्रचार झाला. भांड्याला झडप आहे तर माणसालाही असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये हे तपासलं. मुद्दाम चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याची आठवण काढत गुद्द्यांच्या पिशवीवर हात साफ करू दिला, काहींना नुसतं बसवून ठेवलं. पिशवी बडवणारे जास्त चिडलेले निघाले. म्हणजे वाफ सोडायला सांगणारे वाक्प्रचार खोटी आशा दाखवतात, आणि ‘सीद’ निदान प्रामाणिक आहे. साखळीने टांगलेल्या त्या जुन्या कढईला झडप नव्हतीच. आचेवरून उतरवणं हा एकच उपाय होता, आणि तो कढईच्या हातात नव्हता.

गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर भांडणाऱ्या तरुण मंडळींनी या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप शोधून काढलंय. राजा जेम्सच्या बायबलात त्याची गाजलेली कामगिरी नकाराची होती, हे शिजवू नकोस म्हणून. आता प्रतिपक्षाचा संघ हरला, नेता पडला, आवडती मालिका बंद झाली की त्याला ‘सीद’ असा हुकूम सुटतो. मराठीत ‘बस जळत’ म्हणावं तसा. हुकूम देणाऱ्याला या शब्दाचा इतिहास माहीत नसतो, पण त्याला त्याचं व्याकरण अचूक कळलेलं असतं: तुला माझं काहीही करता येणार नाही, तेव्हा स्वतःलाच उकळत बस. या हुकमाला बहुधा एक जोडीदार असतो, ‘कोप’, म्हणजे सोसून घे, जमवून घे. हा ‘कोप’ आपल्या संस्कृत कोपाचा कोणी नाही. तो फ्रेंच आहे, आणि इंग्लंडात आला तेव्हा त्याचा अर्थ हाणामारीला भिडणं असा होता, कारण त्याच्या मुळाशी ठोसा आहे. ठोसा मारणारा फ्रेंच शतकानुशतकं झिजत झिजत सोसणारा झाला, शिजवणारा सॅक्सन स्वतः शिजू लागला, आणि हेस्टिंग्जला साडेनऊशे वर्षं होऊन गेल्यावर दोघे एका ओळीत शेजारी शेजारी बसून, ज्यांच्या हातात आता ठोसाही नाही आणि पातेलंही नाही अशा कोणाला तरी चिडवण्याच्या कामाला लागलेत.